तज्ज्ञांचे तीस, प्रेक्षकांचे नव्वद

एकाच मालाला एका पेठेत कवडीचा भाव मिळावा आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पेठेत त्यासाठी गिऱ्हाइकांनी रांग लावावी, असे व्यापारात क्वचित घडते. घडलेच, तर जाणता व्यापारी कोणाचा भाव खरा या वादात पडत नाही. भाव कोणी काढला, कोणता नमुना पाहून काढला आणि कोणत्या मापाने मोजला, हे तो आधी विचारतो. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या पेठेत २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात असा एक प्रसंग घडला. आज आपल्या घरांतून मुले आणि नातवंडे कोणती मालिका पाहावी हे तिच्या नावापुढील टक्के आणि तारे पाहून ठरवितात, आणि तेच तारे आता आपल्या दुकानांच्या नावांपुढेही लागू लागले आहेत. म्हणून त्या प्रसंगाची हकीकत या वेळी थोड्या विस्ताराने सांगावीशी वाटते.

मालिकेचे नाव ‘द ऑरव्हिल’. फॉक्स वाहिनीवर १० सप्टेंबर २०१७ रोजी, रविवारी रात्री, तिचा पहिला भाग दाखविण्यात आला. तिचे जनक आणि नायक सेथ मॅकफार्लेन. हे गृहस्थ अमेरिकेत ओळखले जात ते ‘फॅमिली गाय’ या १९९९ पासून चालत आलेल्या, मोठ्यांसाठीच्या फटकळ व्यंगचित्रमालिकेमुळे. तिच्यातील विनोद कोणालाच सोडत नाही आणि सभ्यतेची कुंपणे सहज ओलांडतो. परंतु याच गृहस्थांनी २०१४ साली ‘कॉसमॉस’ या विज्ञानविषयक गंभीर मालिकेच्या नव्या आवृत्तीस निर्माता म्हणून बळ दिले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहिली नव्हती. नव्या मालिकेविषयी पुढे जो गोंधळ उडाला, त्याचे बीज या दुहेरी ओळखीत होते.

कथा आजपासून चारशे वर्षांनंतरची. मानवाने अनेक ग्रहांवरील जीवांसह एक संघ स्थापन केला आहे आणि त्या संघाची हजारो याने अंतराळात फिरत आहेत. एड मर्सर हा एके काळचा होतकरू अधिकारी पत्नीच्या विश्वासघाताने खचला आहे, कामात मागे पडला आहे. त्याला एका मध्यम आकाराच्या यानाचे कप्तानपद मिळते, तेही ‘तू कोणाचीच पहिली पसंती नव्हतास’ असे वरिष्ठांनी तोंडावर ऐकवून. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑरव्हिल यांचे नाव या यानास दिलेले आहे. यानावर उपकप्तान म्हणून नेमणूक होते ती नेमकी त्याच्या घटस्फोटित पत्नीची. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकास कळते, की कप्तानपदासाठी त्याची शिफारस तिनेच गुपचूप केली होती. बाकीच्या कर्मचाऱ्यांत एक अवाढव्य, कधी न हसणारा परग्रहवासी अधिकारी आहे; विलक्षण बळ असलेली, पण आत्मविश्वास नसलेली एक तरुणी सुरक्षाप्रमुख आहे; आणि मानवास कनिष्ठ समजणारा, ते तसे स्पष्ट बोलून दाखविणारा एक यंत्रमानव आहे. यानावर गंभीर संकटे येतात आणि त्या संकटांतही ही मंडळी कार्यालयातील सहकाऱ्यांप्रमाणे डबा, रजा, भांडणे आणि चेष्टामस्करी यांत रमतात.

ज्यांनी १९६६ पासूनच्या ‘स्टार ट्रेक’चे काही भाग पाहिले असतील, त्यांस हा साचा ओळखीचा वाटेल. तो योगायोग नव्हता. ‘स्टार ट्रेक’च्या उत्तरकालीन मालिकांचे एक प्रमुख लेखक-निर्माते ब्रॅनन ब्रागा या नव्या मालिकेचे निर्माते होते आणि जुन्या मालिकांतील काही नटांनी हिच्या भागांचे दिग्दर्शनही केले.

आता गोंधळाकडे वळू. मालिकेच्या जाहिराती ज्या आल्या, त्या निव्वळ थट्टेच्या. अंतराळवीरांची टवाळी करणारी एक विनोदी मालिका येत आहे, अशी समजूत त्यांवरून कोणाचीही झाली असती. प्रत्यक्षात पडद्यावर जे आले ते निराळे होते. विनोद होता, तोही कित्येकदा शौचकूपाच्या पातळीवरचा. पण त्याच्या तळाशी न्याय, श्रद्धा, लोकमत, मैत्री अशा विषयांवरील सरळ, भाबडी म्हणावी इतकी मनापासून सांगितलेली गोष्ट होती. पाटी मिठाईची आणि आत औषधाची पेढी, असा तो प्रकार झाला. मिठाई घेण्यास आलेला चिडणार हे उघड होते. औषध हवे असणारा मात्र पाटी पाहूनच पुढे निघून गेला असण्याचा संभव अधिक, हे नुकसान सहसा कोणी हिशेबात धरीत नाही.

समीक्षकांनी मालिका झोडपली. अमेरिकेत त्यांस पहिले काही भाग आगाऊ दाखविण्याची रीत आहे, आणि बहुतेक परीक्षणे त्या दोन-तीन भागांवरच लिहिली गेली. त्यांची मुख्य तक्रार अशी, की ही मालिका धड विनोदी नाही आणि धड गंभीरही नाही. ज्या क्षणी डोळे पाणावावेत त्या क्षणी कोणी तरी पाचकळ शेरा मारतो. आणि सारा साचा तर जुन्या मालिकेवरून उचललेला. ‘रॉटन टोमॅटोज’, म्हणजे सडके टोमॅटो, या गमतीदार नावाच्या संकलनस्थळावर पहिल्या पर्वास तज्ज्ञांचा अनुकूल कौल सुमारे ३० टक्के इतकाच पडला. नाटक आवडले नाही तर नटांवर टोमॅटो फेकण्याची जी पाश्चात्त्य रूढी, तिच्यावरून हे नाव आले आहे. ६० टक्क्यांच्या खाली कौल गेला, की त्या कृतीपुढे सडक्या टोमॅटोचे चित्र लागते. या मालिकेस ते लागले.

त्याच पानावर, त्याच मालिकेपुढे, सामान्य प्रेक्षकांचा कौल मात्र ९० टक्क्यांच्या वर होता.

इतके मोठे अंतर सहसा पडत नाही. ते अधिक उठून दिसले याचे कारण, अवघ्या दोन आठवड्यांनी, २४ सप्टेंबरला, ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ ही त्या घराण्यातील अधिकृत नवी मालिका आली आणि तिच्या बाबतीत पारडे उलटे झाले. तज्ज्ञांनी ती उचलून धरली. प्रेक्षकांत मात्र तिच्याविषयी मतभेद माजले. तिची मांडणी काळोखी, युद्धाने भारलेली होती, आणि एकाच कथेचे धागे भागामागून भागांतून ताणलेले होते. शिवाय पहिला भाग सर्वांसाठी खुल्या वाहिनीवर दाखवून पुढचे भाग वर्गणीदारांपुरते ठेवले होते. पहिला घास फुकट देऊन ताट झाकून ठेवावे, तसे पुष्कळांस ते वाटले. ‘द ऑरव्हिल’ मात्र दर आठवड्यास घरात विनामूल्य येत होती, प्रत्येक भागात एक गोष्ट पुरी करीत होती आणि उद्याचा मानव आजच्याहून अधिक समंजस असेल, असा दिलासा देत होती. प्रेक्षकांनी तिची बाजू घेताना हीच कारणे पुनःपुन्हा सांगितली. ‘आम्हांस पुन्हा आशेने पाहता येईल अशी गोष्ट हवी होती,’ हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

येथवर ऐकून कोणीही म्हणेल, की मग तज्ज्ञ चुकले आणि लोक बरोबर ठरले. अखेर पाचामुखी परमेश्वर. माझे मत तसे नाही. ३० आणि ९० हे दोन्ही आकडे कसे तयार होतात ते पाहिले, म्हणजे त्यांची तुलना किती डळमळीत आहे हे ध्यानात येते.

पहिली गोष्ट, हे टक्के गुणांचे नाहीत, माणसांचे आहेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांनी ‘पाहण्याजोगी’ म्हटले, इतकेच ते सांगतात. किती आवडली हे सांगत नाहीत. शंभर जणांनी ‘ठीक आहे, वेळ जातो’ म्हटले तर त्या कृतीस शंभर टक्के पडतील. उलट, साठ जणांनी ‘अपूर्व’ म्हटले आणि चाळीस जणांस ती सोसवली नाही, तर पडतील साठ. धान्याची रास मापताना दाणे मोजावेत आणि वजन करू नये, तसे हे आहे. मापाचा दोष नव्हे; पण माप कशाचे हे ठाऊक नसले तर फसगत ठरलेलीच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि आपल्या धंद्याच्या अनुभवाशी जवळची. पहिल्या रात्री ही मालिका सुमारे ८५ लाख अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिली. त्या आधी त्याच वाहिनीवर फुटबॉलचे सामने होते, त्यामुळे दिवाणखान्यात मंडळी बसलेलीच होती. पुढील रविवारी हा आकडा बऱ्यापैकी उतरला. तिसरा भाग गुरुवारी, तिच्या नेहमीच्या ठरलेल्या दिवशी आला, तेव्हा तो ४० लाखांच्या आसपास होता. म्हणजे पहिल्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून अधिक तिसऱ्या खेपेस आलीच नाहीत. ही मंडळी गेली ती काही निषेधाचे पत्र लिहून गेली नाहीत. त्यांतील फार थोड्यांनी आपली नापसंती कोठे नोंदविली असेल. जे राहिले त्यांस मालिका आवडत होती म्हणून राहिले, आणि मत देण्याची हौसही त्यांनाच अधिक. मग त्यांच्यात ९० टक्के अनुकूल निघाले यात नवल ते काय?

आपल्या वाडवडिलांस हे गणित पाठ होते. गल्ल्याजवळ उभे राहून कुरकुर करणारे गिऱ्हाईक आपले असते. ते भाव पाडून मागेल, दोष काढील, पण पुढच्या सणाला पुन्हा येईल. न बोलता पायरी उतरलेले गिऱ्हाईक मात्र परत येत नाही आणि का गेले तेही सांगत नाही. त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. प्रेक्षकांचा ९० टक्क्यांचा कौल हा दुकानात उरलेल्यांचा कौल होता. तज्ज्ञांचा ३० टक्क्यांचा कौल हा नमुन्याची पुडी हुंगून दिलेला होता. दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक. पण दोहोंचा विषय एक नव्हता.

दुसरे पर्व ३० डिसेंबर २०१८ पासून आले आणि त्याने या विचारास एक मासलेवाईक पुष्टी दिली. त्या पर्वास तज्ज्ञांचा कौल चक्क १०० टक्के पडला! मालिका सुधारली होती यात शंका नाही. पाचकळपणा कमी झाला होता, आणि ‘आयडेंटिटी’ या दोन भागांच्या कथेत त्या उर्मट यंत्रमानवाच्या निष्ठेचा जो पेच उभा केला आहे तो उत्तम आहे. परंतु शंभर टक्क्यांचे रहस्य केवळ सुधारणेत नव्हते. पहिल्या पर्वाच्या मानाने या वेळी परीक्षण लिहिणारेच मूठभर होते. ज्यांना मालिका पहिल्या वर्षी आवडली नाही, ते दुसऱ्या वर्षी तिच्याविषयी लिहिण्यास थांबले नव्हते. तज्ज्ञांच्या दुकानातूनही गिऱ्हाईक गळते, एवढाच याचा अर्थ.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेने मालिकेचे दैव पालटणे ही काही आजची गोष्ट नाही. मूळ ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बंद पडणार अशी हवा १९६७ च्या शेवटी उठली, तेव्हा प्रेक्षकांनी एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला. वाहिनीच्या सांगण्याप्रमाणे पत्रांची संख्या लाखावर गेली. मार्च १९६८ मध्ये वाहिनीने एका भागाच्या अखेरीस मालिका चालू राहणार असल्याचे जाहीरच करून टाकले. नंतर तिला शुक्रवारी रात्री दहाची आडवेळ दिली आणि १९६९ साली ती बंद झाली, हा भाग वेगळा. पण एक पत्र म्हणजे कागद, पाकीट, तिकीट आणि टपालपेटीपर्यंतची पायपीट. आपले म्हणणे मांडण्यासाठी त्या माणसाने अर्धा तास तरी खर्च केलेला असे. आज बोटाच्या एका स्पर्शाने तारा देता येतो, आणि मालिका न पाहता, दुकानाची पायरी न चढताही देता येतो. ‘रॉटन टोमॅटोज’लाही २०१९ मध्ये हे मान्य करावे लागले. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याविषयी शेरे लिहिण्याची सोय त्यांनी काढून घेतली आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मते वेगळी दाखविण्यास प्रारंभ केला. ही व्यवस्था चित्रपटासाठी ठीक. घरात बसून पाहिलेल्या मालिकेचे तिकीट कोठून दाखविणार?

गमतीची गोष्ट अशी, की या साऱ्या प्रकारावर सर्वांत मार्मिक भाष्य खुद्द त्या मालिकेनेच, प्रतिक्रियांचे रण माजलेले असतानाच केले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी दाखविलेल्या ‘मॅजॉरिटी रूल’ या भागात यानावरील मंडळी एका ग्रहावर उतरतात. तो ग्रह हुबेहूब आपल्या आजच्या पृथ्वीसारखा आहे. तशाच गाड्या, तशीच उपाहारगृहे. फरक एकच. तेथील प्रत्येक माणूस छातीवर एक बिल्ला लावतो. त्यावर एक हिरवा बाण वर आणि एक लाल बाण खाली. भेटणारा कोणीही त्यावर बोट ठेवून आपल्याविषयी पसंती किंवा नापसंती नोंदवू शकतो. लाल आकडा फार वाढला, की दुकानदार त्या माणसास माल देण्यास नकार देऊ शकतो. यानावरील एक तरुण अधिकारी, जॉन लमार, रस्त्यातील एका पूज्य पुतळ्याशी अंगविक्षेप करून नाचतो. कोणी तरी ते चित्रित करते, आणि क्षणात साऱ्या ग्रहावर लाल बाणांचा वर्षाव सुरू होतो. तेथे न्यायालय नाही, साक्षीपुरावा नाही. आरोपीस दूरचित्रवाणीच्या एकामागून एक कार्यक्रमांत जाऊन क्षमायाचना करावी लागते, आणि लाल आकडा एक कोटीवर गेला तर त्याच्या मेंदूवर असा उपचार करण्यात येतो, की माणूस जिवंत राहतो पण त्याचे माणूसपण संपते. वकिलाऐवजी त्यास मिळतो तो प्रसिद्धीचा सल्लागार!

त्याची सुटका कशी होते? त्याचे साथीदार त्या ग्रहाच्या माहितीजालात शिरून त्याच्याविषयी खोट्यानाट्या करुण कथा पेरतात. लोकांची मने द्रवतात, आणि आकडा एक कोटीच्या अगदी काठावर थबकतो. म्हणजे अन्यायातून सुटण्याचा मार्गही असत्याचाच. बहुसंख्येचा कौल जितक्या वेगाने उलटतो तितक्याच वेगाने तो पलटविताही येतो, हे सांगण्यासाठी लेखकाने नायकांचे हात स्वच्छ ठेवले नाहीत, हे मला या भागाचे बळ वाटते. ‘ब्लॅक मिरर’ या ब्रिटिश मालिकेने एक वर्ष आधी अशाच कल्पनेवर एक भाग केला होता. तो अधिक रेखीव आहे. परंतु त्यात उपरोधाची थंडी आहे, तर येथे लायसेला नावाची, उपाहारगृहात काम करणारी एक साधी मुलगी आहे, जिला आपल्या जगात काही चुकते आहे असे प्रथमच वाटू लागते. पहिल्या पर्वातील हा भाग प्रेक्षकांस विशेष आवडला. तो आवडल्याचे त्यांनी वरचे बाण देऊनच सांगितले, यातील विनोद लेखकासही कळला असेलच.

हा भाग पाहताना मला एका परिचित व्यापाऱ्याची आठवण झाली. भांड्यांचे दुकान, तिसरी पिढी. एके सकाळी दुकानाच्या नावापुढे एका अनोळखी व्यक्तीचा एकच तारा आणि ‘फसवणूक’ हा एकच शब्द. वह्या, पावत्या सर्व धुंडाळले. त्या नावाचे गिऱ्हाईक कधी आलेच नव्हते. तो शेरा काढून टाकावा म्हणून त्यांनी केलेल्या विनवण्यांस उत्तर आले नाही. त्यांच्या मुलाने उपाय सुचविला: नातेवाईक, मित्र, नोकर यांच्याकडून पन्नास चांगले शेरे लिहून घेऊ, तो एक बुडून जाईल. वडिलांनी ते होऊ दिले नाही. ‘खोट्याला खोट्याने पुसले तर खरे कोणते, हे उद्या आपल्यालाही कळणार नाही,’ असे ते म्हणाले म्हणतात. धंद्याच्या दृष्टीने मुलाचा सल्ला व्यवहार्य होता, हे नाकारता येत नाही, आणि वडिलांच्या हट्टाने दुकानाचे काही नुकसान झालेही असेल. तो एक तारा अद्याप तेथेच आहे.

मालिकेने आणखी एका ठिकाणी प्रेक्षकांस कोंडीत पकडले. तिसऱ्याच भागात, ‘अबाउट अ गर्ल’मध्ये, त्या न हसणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी कन्या जन्मलेली असते. त्याच्या जातीत सर्व पुरुषच. मुलगी जन्मणे हे व्यंग समजले जाते, आणि शस्त्रक्रियेने तिला मुलगा करून टाकण्याची रूढी आहे. यानावरील मानव अस्वस्थ होतात, प्रकरण त्या ग्रहाच्या न्यायासनापुढे जाते, थोर म्हणून गाजलेला तेथील लेखक वस्तुतः एक स्त्री आहे हे उघडकीस येते, आणि तरीही निकाल विरुद्ध जातो. मुलीचा मुलगा केला जातो. विनोदी मालिका म्हणून बसलेले प्रेक्षक त्या शेवटाने हादरले. कोणी तो धीट म्हटला, कोणी त्यास घाईने हाताळलेला विषय म्हटले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कन्या जन्मली म्हणून घरातल्यांचा चेहरा उतरणे हे पाहण्यासाठी आपल्याला परग्रहावर जावे लागत नाही, हे मात्र भाग पाहताना मनातून जाईना. पुढे २०२२ च्या पर्वात तेच मूल मोठे होते, आपल्या जन्माचे सत्य त्यास कळते आणि ते आपले मूळ रूप परत मागते. पाच वर्षांपूर्वीच्या त्या निकालाची उधारी लेखकाने अशी फेडली.

तिसऱ्या पर्वापर्यंत मालिकेचे दुकानच बदलले होते. फॉक्सच्या कारभाराचा मोठा हिस्सा डिस्नेकडे गेला, मालिका वर्गणीच्या हुलू या सेवेवर गेली, साथीच्या काळात चित्रीकरण रखडले, आणि अखेर २ जून २०२२ पासून तिचे दहा भाग आले. भाग लांब झाले, विनोद आणखी घटला. आता काही जुने चाहते कुरकुरू लागले, की पूर्वीची ती मोकळी चेष्टामस्करी कोठे गेली! जी गोष्ट समीक्षकांनी दोष म्हणून दाखविली होती, तिची चाहत्यांस आठवण येऊ लागली.

मला स्वतःला त्या पर्वाचा शेवटचा भाग, ‘फ्यूचर अननोन’, अधिक मोलाचा वाटला, आणि तो व्यापारी घरांतून पाहिला जावा असे वाटते. ‘मॅजॉरिटी रूल’मधील लायसेला त्यात परत येते. बिल्ल्यांच्या ग्रहास विटून ती यानावर आश्रय मागते. तेथे कोणतीही वस्तू क्षणात निर्माण करणारे यंत्र तिला दिसते, आणि ती साहजिकच विचारते, हे यंत्र आमच्या ग्रहास का देत नाही? भूक संपेल, दारिद्र्य संपेल. उपकप्तान केली तिला दाखवून देते, की ज्या समाजात माणसे अजून परस्परांचे वैरी आहेत तेथे असे यंत्र काहीजण बळकावतील आणि त्यापायी विनाश होईल. या भविष्यकाळात पैसा उरलेलाच नाही. हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळते, म्हणून नाणे निरर्थक झाले. मग माणसे धडपडतात कशासाठी? मालिकेचे उत्तर असे, की चलनाची जागा नावलौकिकाने घेतली. आपल्या कामात जो उत्तम तो श्रीमंत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना फार टिकेल असे नाही. घर कोठे, समुद्राकाठी की डोंगरामागे, हे कोणत्या यंत्राने ठरवावे? परंतु आपल्या पेढ्यांच्या परंपरेस ती परकी वाटू नये. नाणे खिशात नसताना निव्वळ नावावर माल उचलण्याची, हुंडी वटविण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिला आपण पत म्हणतो. नावलौकिकाचे नाणे दोन्ही ग्रहांवर आहे, यानावरही आणि बिल्ल्यांच्या त्या ग्रहावरही. यानावर ते नाणे बरोबर काम केलेली माणसे पाडतात. बिल्ल्यांच्या ग्रहावर रस्त्याने जाणारा कोणीही पाडतो. आपल्या दुकानापुढे सध्या जे तारे आहेत ते या दोहोंची सरमिसळ आहेत, आणि कोणता कोणी दिला हे निवडून काढण्याचे साधन अजून तरी आपल्या हाती नाही. वीस वर्षे उधारी चुकती करणाऱ्या खेडेगावच्या व्यापाऱ्याचा एकही तारा त्यांत नसतो, कारण त्याला ते देण्याची गरजच कधी वाटली नाही.

घरात एकत्र बसून पाहावयाची झाल्यास काही गोष्टी सांगून ठेवतो. पहिल्या भागाचा आरंभ वैवाहिक विश्वासघाताच्या प्रसंगाने होतो, मद्यपान आणि सवंग थट्टा जागोजागी आहे, आणि दुसऱ्या पर्वातील ‘प्रायमल अर्जेस’ हा भाग सर्वस्वी प्रौढांसाठी आहे. मुलांसमोर तो लावू नये. तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग आत्महत्येच्या विषयाशी संबंधित आहे, तोही मोठ्यांनी आधी पाहावा. कुमारवयीन मुलांबरोबर पाहण्यास पहिल्या पर्वातील तीन भाग मला पुरेसे वाटतात. एक ‘इफ द स्टार्स शुड अपिअर’: आपण एका प्रचंड यानात राहतो हेच विसरलेल्या लोकांची ती कथा आहे, त्यात मारहाणीचे एक-दोन प्रसंग आहेत, पण छत उघडून तारे दिसतात तो क्षण मुलांनी चुकवू नये. दुसरा ‘मॅजॉरिटी रूल’. त्यातील तो नाच पाचकळ आहे, पण पुढचे सारे त्यावरच उभे असल्यामुळे वगळता येत नाही. तिसरा ‘मॅड आयडोलेट्री’. त्यात केली एका जखमी बालिकेस दयेने बरे करते. तो ग्रह अकरा दिवसांनी पुन्हा दिसतो तेव्हा तेथे सातशे वर्षे लोटलेली असतात, आणि तिच्या नावाने मंदिरे उभी राहून तिच्याच नावाने शिक्षाही दिल्या जात असतात. हा भाग लावण्यापूर्वी मुलांना टक्के पाहू देऊ नयेत. पाहून झाल्यावर ते कोणता बाण देतील, हे मात्र अवश्य विचारावे.